सुर्व्यांच्या गाडीची रिकीब

२७ ऑगस्ट २०२४ रोजी बडोद्यात विश्वामित्री धोक्याच्या पातळीवरून वाहत होती. एवढे निर्विवाद आहे. ज्याला शंका असेल त्याने त्या आठवड्याची वर्तमानपत्रे काढून पाहावीत. वाद सुरू होतो तो फतेगंजमधल्या बळवंतराव सुर्व्यांच्या अंगणात. तिथे त्या दिवशी पाणी किती चढले, याबद्दल दोन साक्षी उपलब्ध आहेत. बळवंतराव हात कमरेला लावून दाखवतात. त्यांच्या पत्नी येसूबाई हात गुडघ्याशी नेतात, मग आणखी खाली, आणि घोट्याशी थांबतात. दोघेही तेव्हा एकाच ओट्यावर, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

हा वाद वरवर दिसतो तितका रिकामटेकडा नव्हता. अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये सुर्व्यांची गाडी उभी होती: जुनी ॲम्बॅसेडर, पण साधी नव्हे. तिचे छत मागे सामानासाठी लांब ओढलेले होते आणि पाठीला पाचवे दार होते. बळवंतरावांचे वडील धनाजीराव, घरातले आबा, यांनी ती कोणाकडून तरी जुनी म्हणून घेतली. ‘कोणाकडून तरी’ हे शब्द घरात चालत नाहीत. घरात ती सरकारवाड्यातून आली असे सांगितले जाते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा संस्थान विलीन होऊन बरीच वर्षे लोटली होती, हे दाखवून दिले की बळवंतराव समंजसपणे हसतात आणि ‘वाडा काही विलीन झाला नव्हता’ म्हणतात.

पुरानंतर पंधरवड्याने थोरले बंधू दत्ताजीराव गोत्रीतल्या आपल्या फ्लॅटवरून पाहणीला आले. ते जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेले. घरातल्या भाजीबद्दलही निकाल देत. गाडी दोघा भावांच्या सामायिक मालकीची. दत्ताजीरावांनी चालकाच्या दाराखाली छत्रीचे टोक हलकेच टेकवले. छत्री आत गेली.

“बाळू, ही गाडी नाही, हा पापड आहे,” ते म्हणाले.

“पुराने खाल्ली, दादा.”

“कोणी का खाल्ली असेना. भंगारवाल्याला बोलाव.”

“मी स्वतः करतो. पत्र्यातच आयुष्य गेलंय माझं.”

“तू?” दत्ताजीरावांनी अंगणाकडे नजर फिरवली. तिथे बळवंतरावांनी हाती घेतलेली कामे उभी होती: एका बाजूनेच रंगवलेले फाटक, झोका नसलेली झोक्याची कमान, आणि ज्याला बोकड म्हणावे की बाक याचा निर्णय झालेला नव्हता असे एक लोखंडी काहीतरी. “बरं. पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी येईन. पाचही दारं एका धक्क्यात लागली तर माझा हिस्सा सोडला, गाडी तुझी. एक जरी अडलं तर दसऱ्याचं सोनं वाटून झालं की भंगारवाला.”

बळवंतरावांना ही अट सोपी वाटली. ते एका ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या कंपनीत, टाक्यांच्या विभागात, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या टाक्या देशभर उन्हापावसात उभ्या आहेत आणि त्यांतून तेलाचा थेंब गळत नाही, असे ते सांगत. आणि हे खोटे ठरवणारा पुरावा मिळत नाही. पण निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही विचारेनासे झाले होते. भाऊबंदांत लग्न असले की बैठक गोत्रीला भरे, निर्णय दत्ताजीराव देत आणि बळवंतरावांकडे मांडववाल्याला फोन करण्याचे काम येई. घरात त्यांच्या वाट्याला आलेली एकच मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी, आणि वर्षातला एकच दिवस असा की ज्या दिवशी सारे सुर्वे फतेगंजला येत. गाडी गेली की तो दिवसही गोत्रीच्या सहाव्या मजल्यावर जाणार, हे त्यांना न सांगता कळत होते.

तो दिवस खंडेनवमीचा. सुर्व्यांचे पूर्वज संस्थानाच्या पागेत शिलेदार. त्या दिवशी तलवारीला हळदीकुंकू लागे आणि घोड्याचे खूर धुतले जात. पुढे घोडा गेला. खूर धुण्याची हौस मात्र गेली नाही. धनाजीरावांनी गाडीलाच घोड्याच्या जागी बसवले. बॉनेट हे मस्तक ठरले, चाके हे खूर ठरले, आणि चालकाच्या दाराखालचा, पाय ठेवून आत शिरण्याचा काठ ही रिकीब ठरली. घोड्यावर डाव्या बाजूने चढतात आणि आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, हा आक्षेप त्या घराण्यात कोणी घेतल्याची नोंद नाही. दरवर्षी रिकिबीवर तांब्याभर पंचामृतासारखे काहीतरी ओतले जाई. त्यात दूध, गूळ, हळद आणि दृष्ट लागू नये म्हणून मूठभर मीठ असे. या मिश्रणात लोखंडाला वर्ज्य असलेली एकही गोष्ट विसरलेली नव्हती.

काम हिवाळ्यात सुरू झाले. पलीकडच्या गल्लीत गॅरेज असलेला हार्दिक पहिल्याच दिवशी येऊन उभा राहिला. त्याची आई मराठी, वडील गुजराती. आणि सल्ला देताना तो दोन्ही भाषांवर सारखाच अन्याय करी.

“काका, एटली मगजमारी शा माटे, कशाला? पुट्टी भरो, कलर मारो, वर हार. फर्स्ट क्लास!”

“आणि आत?”

“आत कोण बघतंय?”

“मी पुट्टीवाला नाही, हार्दिक. मी फॅब्रिकेशनवाला आहे.”

फॅब्रिकेशनवाल्याने दारांखालून पुढपासून मागपर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी ग्राइंडरने कापायला घेतली. गाडीचा सगळा ताठा या पेटीत असतो. ती कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे टेके लावून घ्यायचे असतात, नाहीतर मधला भाग खचतो. पण ट्रान्सफॉर्मरची टाकी कुठूनही कापली तरी जागची हलत नाही, हा बळवंतरावांचा तीस-बत्तीस वर्षांचा अनुभव होता. आणि अनुभवी माणसाला चूक करताना जो आत्मविश्वास असतो तो नवशिक्याला कुठून येणार? गाडी पुढच्या-मागच्या टोकांना लोखंडी तिवयांवर चढवलेली होती. उजवी पेटी सुटून खाली पडली, गाडीने बसल्या जागी एक लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला, आणि चालकाचे दार अर्ध्यात अडकले. मागचे दार तर उघडायलाही तयार होईना.

येसूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी अडकलेले दार पाहिले, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि कप बॉनेटवर ठेवला.

“काही वांधो नाही,” बळवंतराव म्हणाले. “पत्रा बसतोय. होतं असं.”

“पत्रा बसलाय खरा. आता आपण दोघं उभे राहू.”

मग वेल्डिंग. टाकीला पातळ पत्रा म्हणजे सहा मिलिमीटर. गाडीचा पत्रा मिलिमीटरभरही भरत नाही. पहिल्या ठिणगीला भोक पडले. ते बुजवायला गेले तर त्याच्या शेजारी दुसरे पडले. संध्याकाळपर्यंत नव्या पट्टीची चाळणी झाली, आणि हार्दिकने ती उन्हात धरून तिच्यातून त्यांच्याकडे पाहिले.

“काका, ज्वारी चाळायला घेऊन जाऊ?”

बळवंतरावांनी त्याला हाकलले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी कापली. त्यांच्याविषयी निःपक्षपातीपणे लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे. गुढीपाडवा गेला, आंबे आले, रस झाला. बळवंतराव रोज शेडमध्ये होते. मधोमध जॅक लावून त्यांनी गाडी केसाकेसाने वर उचलली, आत लोखंडी अँगलचे आडवे टेके ठोकले, वेल्डिंगचा एक टिपका टाकायचा, हात लावता येईपर्यंत थांबायचे, मग हातभर अंतरावर दुसरा टिपका, असे धीराचे काम ते शिकले. कंपनीत त्यांना कोणी धीराचा म्हटल्याची आठवण सांगत नाही.

उजवी पेटी बसल्यावर डावीकडे वळायचे ठरले. त्यांनी डाव्या दाराखाली ग्राइंडर लावला, रंग उडाला, आणि खाली पत्रा लखलखला. हातभर पुढे गेले. लखलखीत. छिन्नीने ठोकून पाहिले, टणत्कार आला. त्यांनी ग्राइंडर बंद केला.

येसूबाई शेवग्याच्या शेंगा मोडत ओट्यावर बसल्या होत्या. आवाज थांबला म्हणून त्या उठून आल्या. वाकून डावीकडे पाहिले, मग वळसा घालून उजवीकडे गेल्या आणि कोपऱ्यात टाकलेल्या जुन्या पेटीचा लाल भुगा झालेला तुकडा चपलेच्या टोकाने ढकलून पाहिला.

“काय हो, पूर एकाच बाजूने आला होता का?”

“प्रवाहाला दिशा असते.”

“अंगणात तुंबलेल्या पाण्याला?”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“नसेल कळत. पण दरवर्षी तांब्या कुठल्या बाजूला रिता होतो, ते मला कळतं. मीच भरते ना तो.”

येसूबाई परत शेंगांकडे गेल्या. त्या दिवसापासून घरात पुराचा उल्लेख झाला नाही. पण बाहेर, पानाच्या गादीवर आणि फोनवर दत्ताजीरावांशी बोलताना, विश्वामित्री अजूनही कमरेपर्यंतच चढत होती.

त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. दारे लागली तर गाडी वाचणार होती. पण लगेच तिची पूजा होणार होती, आणि पूजा झाली म्हणजे तिचे मरण पुन्हा सुरू होणार होते. पूजा थांबवायची तर कारण द्यावे लागणार. कारण दिले तर गाडी पुराने नव्हे, सुर्व्यांच्या भक्तीने खाल्ली, आणि ती भक्ती धनाजीरावांनी सुरू केली, असे भर सभेत म्हणावे लागणार. वडिलांचे नाव गंजाशी जोडण्याइतकी हिंमत त्या घरात आजवर कोणी दाखवलेली नव्हती.

२०२५ची खंडेनवमी उजाडली. अंगण माणसांनी भरले. गाडी हिरव्या रंगात उभी होती; जवळून पाहिले तर पत्र्यावर उन्हाच्या लाटा दिसत, पण जवळून पाहायला दत्ताजीरावांशिवाय कोणी गेले नाही. ते एकेक दार उघडून सोडत होते. पुढचे डावे लागले. मागची दोन्ही लागली. पाठीचे पाचवे दार लागले, आणि बायकांत कोणीतरी टाळी वाजवली. चालकाचे दार त्यांनी शेवटी ठेवले होते. न्यायालयात राहिलेल्या माणसाला काय कुठे ठेवायचे ते कळते. त्यांनी ते पूर्ण उघडले, एक बोट लावले, आणि ढकलले.

खट्ट.

“लागलं,” दत्ताजीराव म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित तक्रार होती. “शब्द म्हणजे शब्द. गाडी तुझी, बाळू.”

बळवंतरावांचा हात आपोआप गाडीच्या छतावर गेला. तेवढ्यात येसूबाईंनी तबक पुढे केले, आणि दत्ताजीरावांनी वडीलकीच्या हक्काने तांब्या उचलला, तेच दार पुन्हा उघडले आणि रिकिबीवर तांब्या कलता केला.

धार काठावर पडली नाही. बळवंतरावांनी तबकातली हळदीकुंकवाची वाटी बाजूला करून येसूबाईंच्या हातचे ते तबकच मध्ये धरले होते. दूध तबकात साठत होते, त्यांच्या मनगटावरून बाहीत जात होते, आणि ते हलत नव्हते.

“हे काय नवीन?”

“दादा, डावी बाजू अजून शाबूत आहे.”

“मग?”

“तिला आपण कधी धुतली नाही.”

दत्ताजीरावांनी तांब्या सरळ केला. ते चालत डावीकडे गेले, दाराखाली बोटाच्या पेराने दोनदा ठोकले आणि परत आले. पुरावा तपासण्याची ही पद्धत त्यांची जुनीच.

“म्हणजे आबांनी...” ते म्हणाले आणि थांबले.

“मी आबांचं नाव घेतलं नाही.”

“घेऊही नकोस.” दत्ताजीरावांनी अंगणाकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. “तुला हे कधी कळलं?”

“उन्हाळ्यात.”

“आणि तेव्हापासून मला फोनवर पूर सांगतोयस?”

“तुम्हीच म्हणालात, कोणी का खाल्ली असेना.”

येसूबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्या हसत होत्या की त्यांना खोकला आला होता, याबद्दल उपस्थितांत एकमत नाही. दत्ताजीरावांनी घसा साफ केला, तांब्यातले उरलेले दूध पुढच्या चाकावर ओतले, आणि अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला: पुरामुळे गाडी फार सोसून उभी राहिली आहे, तेव्हा यापुढे तिचे फक्त खूर धुतले जातील. रिकिबीला नुसते हळदीकुंकू, तेही कोरडे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वृद्ध चुलत्यांनी, पागेतही पूर्वी असेच होते, अशी साक्ष तिथल्या तिथे दिली.

त्या दुपारी पंगत फतेगंजलाच बसली, आणि बळवंतरावांना पहिल्यांदा विचारण्यात आले की पुढच्या लग्नाचा मांडव कुठे घालावा. त्यांनी सविस्तर उत्तर दिले. ते कोणी मानले की नाही हा भाग वेगळा.

जे कळलेले नाही ते असे. रिकीब धुण्याची कल्पना धनाजीरावांची स्वतःची होती की त्यांनी ती कोणाकडून घेतली, हे सांगू शकणारे आता कोणी नाही. उजव्या पेटीचे तोंड बंद करण्यापूर्वी तिच्या आतून गंजरोधक रंग फिरवला होता का, असे विचारले की बळवंतराव ‘अर्थात’ म्हणतात. हार्दिक म्हणतो, तसा डबा त्याने त्या शेडमध्ये कधी पाहिला नाही. पेटी आता चारही बाजूंनी बंद आहे. आत काय चालू आहे, हे ती पुन्हा कापल्याशिवाय कळणार नाही.