उघडून तरी बघा

मामीला राग आला की शिलाई मशीनचा आवाज वाढतो. त्या आठवड्यात तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात होता, असं शेजारच्या काकू सांगतात.

माझी मामी घराच्या पुढच्या खोलीत अल्टरेशनचं काम करते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, घट्ट झालेले कोट सैल करायचे. एकतीस वर्षं तेच एक मशीन. त्याचा पट्टा, त्याचं तेल, बॉबिनखाली अडकलेला दोऱ्यांचा गुंता, सगळं तीच बघते. मामा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे महिन्यातले वीस दिवस घरात दोघंच असतात, मामी आणि तिचे सासरे. म्हणजे माझे आजोबा, पण आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणावर आहेत. डोकं अजून तल्लख, पण शरीर ऐकत नाही. रोज एक चादर बदलावी लागते, कधी दोन.

आणि एका मंगळवारी कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. पाणी भरलं, आतून गुणगुण ऐकू आली, जरासा जळका वास आला आणि ड्रम जागचा हलेना. मामीने कंपनीला फोन केला. सहा दिवसांनी, चौथ्या फोननंतर, कंपनीचा टी-शर्ट घातलेला तंत्रज्ञ आला. बूट न काढता थेट न्हाणीघरात गेला. दोन बटणं दाबली, ड्रम हाताने फिरवला आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं.

"मोटर गेली, मॅडम. बोर्डही गेला असणार. आठ वर्षं झाली ना? लाइफ संपलं. नवीन घ्या."

"उघडून तरी बघा," मामी म्हणाली.

"उघडायची गरज नसते. अनुभवावरून कळतं."

"किती वर्षांचा अनुभव?"

"दीड वर्ष." तो जरा चाचरला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "साहेब घरी नाहीत का? त्यांना सांगितलं असतं म्हणजे समजलं असतं."

मामी सांगते, त्या क्षणी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने एक स्क्रू फिरवला नाही, तो माणूस तिच्या घरात उभा राहून तिला समजेल असा पुरुष शोधत होता! वर तपासणीची फी घेतली. तपासणी कसली? डॉक्टरने छातीला नळी न लावता फुप्फुसं गेली म्हणून सांगावं आणि चालू लागावं, तसला प्रकार.

तो गेला आणि मामीने बाह्या वर करून सहा दिवस साठलेल्या चादरी हाताने धुवायला घेतल्या. इतक्या वर्षांच्या कात्रीने तिची मनगटं आधीच कामातून गेली आहेत. ओली चादर पिळताना तिच्या तोंडून आवाज निघायचा आणि न्हाणीघराची भिंत नानांच्या खोलीला लागूनच आहे.

चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं की नानांच्या खिडकीतलं मनीप्लँट पिवळं पडत चाललंय. तिने कुंडीत बोट घातलं. माती नुसता चिखल. तिने तर पाणी घातलं नव्हतं. मग तिने नानांकडे पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले आणि हाताशी रिकामा पेला.

"नाना, पाणी कुठे जातंय?"

 नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कमी प्यायलं की चादर कोरडी राहते, सूनबाई. तुझे हात दुखतात. ऐकू येतं मला."

मामीने आधी नानांनाच झापलं. "मरायचंय का तुम्हाला? आणि मला विचारायचं तरी!" समोर उभी राहून दोन पेले पाणी पाजलं. मग पुढच्या खोलीत येऊन बसली. शिवायला घेतलेली पँट तशीच मांडीवर राहिली. एक माणूस बूट घालून येतो, दोन वाक्यं फेकून जातो आणि ऐंशी वर्षांचा म्हातारा त्यापायी पाणी सोडतो. कोणाला जाब विचारायचा याचा? फोनवरच्या त्या गोड आवाजाला, जो म्हणतो की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे?

ती उठली. मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला, पाइप सोडवला आणि अख्खं धूड ओढत नानांच्या खोलीच्या दारात आणलं. न्हाणीघरात मागच्या बाजूला जायला जागाच नव्हती. नाना उशीला टेकून बघत राहिले.

मागच्या पत्र्याला आठ स्क्रू होते. सहा साधे. उरलेल्या दोनांचं तोंड चांदणीच्या आकाराचं आणि त्या चांदणीच्या मधोमध एक बारीक खुंटी. घरातला एकही स्क्रूड्रायव्हर बसेना.

"हे असे कशाला केलेत?" मामीने विचारलं.

"तू उघडू नयेस म्हणून," नाना म्हणाले.

कोणीतरी पगारी माणूस टेबलाशी बसून हा विचार करत होता! तिच्या घरातलं, तिच्या पैशाचं मशीन तिला उघडता येऊ नये म्हणून त्याने ती खुंटी कागदावर काढली असेल आणि त्याला शाबासकीही मिळाली असेल. मामी पायात चपला सरकवून हार्डवेअरच्या दुकानात गेली. तिथे त्या खुंटीवर बसणारा स्क्रूड्रायव्हर एका डब्यात पडलेलाच होता. इतकंच ते रहस्य.

पत्रा निघाला. आत एक मोठं चाक, त्यावर रबरी पट्टा, खाली मोटर. मामीला हसू आलं. शिलाई मशीनचंच थोरलं भावंड! पण मोटरकडे सात-आठ रंगीत वायरी जात होत्या, तिथे ती थबकली.

"थांब," नाना म्हणाले. "मला कागद दे."

पस्तीस वर्षं फळ्यावर नद्या काढलेला हात तो. रेषा अजून बरोबर पडत होत्या. कुठली वायर कुठून निघते, कुठे वळते, कुठे जोडली जाते, रंगासकट सगळं त्यांनी उतरवून घेतलं. काढलेले स्क्रू चष्म्याच्या घरात ठेवून घेतले. मध्येच मामीला दरडावलं, "ती निळी कुठे चाललीय ते नीट दाखव. पुढे पुढे पळू नकोस." दोन वर्षांत त्यांचा तो वर्गातला आवाज कोणी ऐकला नव्हता.

मोटर बाहेर आली. तिच्या दोन बाजूंना दोन छोटे कप्पे होते आणि प्रत्येकात स्प्रिंगने दाबून बसवलेला कोळशासारखा काळा तुकडा. एक बोटाच्या पेराएवढा. दुसरा झिजून नखाएवढा उरलेला, मोटरला टेकतच नव्हता.

मामी दोन्ही तुकडे रुमालात बांधून कंपनीच्या सेवा केंद्रात गेली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आम्ही ग्राहकांना पार्ट देत नाही."

"मग कोणाला देता?"

"आमच्या तंत्रज्ञांना."

"त्यांनी तर उघडूनच बघितलं नाही!"

"पॉलिसी आहे, मॅडम."

तिथे तंटा न करता ती मागच्या गल्लीत गेली. तिथे एक मोटर वाइंडिंगवाला बसतो, तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांमध्ये रुतलेला. त्याने चष्मा कपाळावर चढवून तुकडा बघितला.

"कार्बन आहे हा. झिजायलाच बनवलेला असतो, पेन्सिलीच्या शिशासारखा. तो संपला म्हणून कोणी लिहिणारा हात टाकून देतं का?" अगदी त्याच मापाचा त्याच्याकडे नव्हता. जरा मोठी जोडी त्याने कानशीने घासून बरोबर केली, मोटरच्या आतलं तांब्याचं कडं बारीक पॉलिश पेपरने कसं पुसायचं ते दाखवलं आणि किमतीचं विचारल्यावर एका चहाच्या पैशात मिटवलं.

घरी येऊन तिने कार्बन आणि मोटर पुन्हा बसवली, पण पहिल्या खेपेला मशीन ढिम्म. मामीचा चेहरा पडला. नानांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अर्थिंगची तार राहिली बघ. हिरवी-पिवळी. शिवाय तो पांढरा चौकोनी जोड नीट बसलेला नाही, खटकन आवाज यायला हवा." तिने प्लग काढला, तार जोडली, जोड दाबला. खट्.

ड्रम फिरला. मामीने पत्रा लावला, मशीन जागेवर नेलं, चादरी टाकल्या आणि समोर स्टूल घेऊन बसली. पूर्ण सव्वा तास. गिऱ्हाईक दार वाजवून परत गेलं. काचेमागे चादरी उलटसुलट होत होत्या आणि तिला, तिच्याच शब्दांत, "एखादा कोट उसवून पुन्हा अंगाबरोबर बसवल्यासारखं" वाटत होतं. फरक एवढाच, की या कोटाला हात लावायची तिला बंदी होती.

रागाचं म्हणाल तर तो उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सेवा केंद्रात गेली. झिजलेला तुकडा व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पावतीवर मोटर निकामी असं लिहिलंय. ते खोडा आणि खरं काय होतं ते लिहा."

"मॅडम, तुम्ही स्वतः उघडलंत म्हणजे वॉरंटी रद्द."

"आठ वर्षांच्या मशीनची वॉरंटी? ती होती हे आजच कळलं मला!"

रांगेतली माणसं हसली. व्यवस्थापक हसला नाही. त्याने काही लिहूनही दिलं नाही. तुकडा मात्र हळूच कचऱ्याच्या टोपलीकडे सरकवायला गेला, तो मामीने उचलून पर्समध्ये टाकला.

बाहेर पायरीवर एका बाईने तिला गाठलं. पाळणाघर चालवणारी, हातात तसलीच पावती. मोटर निकामी, बोर्ड निकामी, खाली तीच सही. "तुम्ही येऊन बघाल का हो?"

"येते. पण स्क्रूड्रायव्हर तुम्ही धरायचा."

रविवारी दोघींनी ते मशीन उघडलं. कार्बन चांगले जाड होते. मोटरची तारच जळून काळी पडली होती, हात लावताच भुगा झाला. वाइंडिंगवाल्यानेही मान हलवली. मशीन खरोखरच गेलेलं होतं. पाळणाघरवाल्या बाईंना शेवटी नवीन घ्यावंच लागलं.

मी मामीला म्हटलं, "म्हणजे इथे तरी त्याचं बरोबर निघालं."

मामीने सुई ओवता ओवता माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धं पाऊल मागे सरलो.

"बरोबर निघालं? न बघता सांगितलेलं कधी बरोबर असतं का रे? तुक्का लागला तो. आम्ही बघितलं आणि मग 'गेलं' म्हणालो."