जोडे घालून होम सांगणारे मामंजी

माझे सासरे अमरावतीचे भिक्षुक, आणि ते पायांत जोडे घालून होम सांगत. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. जाड कापडाचे ते जोडे त्यांनी मुद्दाम शिंप्याकडून शिवून घेतले होते. ज्या काळात नुसत्या चपलेने ओसरीवर पाय टाकला तरी घर बाटे, तेव्हाची ही गोष्ट.

आधी जन्मभर ते अनवाणीच. एकदा भातकुलीहून पूजा आटोपून आले ते तळव्यात बाभळीचा काटा घेऊन. साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नाही. चार दिवसांनी दिवेलागणीला मी नमस्काराला वाकले तेव्हा जखमेचा वास आला. अकोल्याच्या डॉक्टरांनी एक बोट कापलं आणि बजावलं, घरातसुद्धा अनवाणी चालाल तर पुढच्या वेळी अख्खा पाय जाईल.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मामंजी तळवे माझ्यापुढे धरत. सासऱ्यांचे पाय असे उलटसुलट करून बघायचे म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"लाजून काहून राहिली? मले दिसत नाही, मले दुखत नाही. मंग सांगन कोण? नमस्कार मागून कर, आधी नीट बघ."

आंघोळीच्या पाण्यात मी हात घालून बघितल्याशिवाय ते पाय बुडवत नसत. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसत. जोडे घालण्याआधी ते उलटे करून झटकत. पोथीइतकंच ते काम मन लावून चाले.

अंजनगावच्या एका वकिलांकडे वास्तुशांत होती. मी सवाष्ण म्हणून गेले होते. होमाला बसताना वकील म्हणाले, "गुरुजी, जोडे काढा. देवापुढे हे चालायचं नाही."

"देवाले चालते. तुमालेच चालत नाही. निखारा उडून पायावर पडला तं मले समजन तरी का? पाय जाईन माझा."

वकिलांनी गावातला एक तरुण भटजी बोलावला. हे यजमानांचं घर सुटलं की त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांची घरंही सुटणार, हे मला कळत होतं. वाटलं, आता जोडे काढतील. मामंजी उठले आणि जोड्यांसकट बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आत तो पोरगेला भटजी थोड्याच वेळात अडखळला. मामंजींनी ओट्यावरून पुढचा मंत्र उचलला आणि थांबलेच नाहीत. आत आहुत्या पडत राहिल्या त्या बाहेरच्या आवाजावर. होम अर्ध्यात बंद कसा करायचा? पूर्णाहुती झाल्यावर रीत म्हणून मंत्र सांगणाऱ्या गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवायला वकिलांना बाहेरच यावं लागलं. मामंजींनी जोडे काढले नाहीत. वकिलांनी त्या जोड्यांवर डोकं ठेवलं.

घरं सुटायची ती सुटलीच. पुढे नऊ वर्षांनी हृदयाच्या दुखण्याने मामंजी गेले तेव्हा दोन्ही पाय शाबूत होते. मी शेवटचा नमस्कार केला तेव्हा रडत होते, आणि मला त्यांचा फार अभिमानही वाटत होता.