बुश बसवायचा दांडा

आमच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये शंकरमिस्त्री आज सकाळपासून एका ब्लॉकपाशी उभे होते. कॅमशाफ्ट ज्यांत फिरतो, ते बुश, म्हणजे धातूच्या गोल कड्या, त्यात बसवायचे होते. जुन्या अ‍ॅक्सलमधून लेथवर काढलेले पाच दांडे त्यांनी फडक्यावर मांडले होते. एकेकावर बुश चढवायचे, दोन बोटांनी फिरवून बघायचे आणि उतरवायचे.

"ढिला दांडा चालत नाही," ते म्हणाले. "ठोकताना बुशची कड मरते."

चौथा दांडा त्यांना पटला. मी माझ्या खुर्चीतून विचारलं, "आणि बुश काढायचा झाला तर कुठला?"

"काढायला कशाला निवडायचं? छिन्नी घालायची. तो तुटूनच निघतो."

मला माझे वडील, अण्णा, आठवले. त्यांनीही मला इथं गल्ल्यावर असंच मापात बसवलं. आधी सुट्टीपुरतं, मग निकाल लागेपर्यंत, मग त्यांचे गुडघे दुखतात म्हणून. खिडकीकडची खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. ठोकल्याचं मला कधी कळलंच नाही. रागवायचं तरी कुणावर? कुठंही कड मेलेली नाही. बावीस वर्षं सगळं सुरळीत फिरतंय.

मिस्त्रींनी सावकाश हातोडी मारली, मग बॅटरीचा उजेड टाकून बुशचं आणि ब्लॉकचं तेल जायचं भोक समोरासमोर आलंय का ते पाहिलं.

"बसला. आता इंजिन मरेपर्यंत हलत नाही. बघायला या की!"

"इथून दिसतंय," मी म्हणालो. "छान बसलाय."