डाव माझ्याच हातात होता

अन्याय झाला तो माझ्या खोलीतल्या ताईवर. गेल्या जुलैच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी सव्वातीनला, ब्रेडा या डच शहरातल्या आमच्या वेअरहाउसमागच्या पार्किंगमध्ये. वेळ नक्की सांगते, कारण मी तेव्हा बीन्स वाढत होते.

ताई नागपूरची. आम्ही दोघी कामगार पुरवणाऱ्या एकाच एजन्सीतर्फे खोकी भरायचो आणि त्याच एजन्सीच्या घरात राहायचो. नियम सरळ: काम गेलं की बेडही गेला. याच नियमाविरुद्ध मी पत्रकं लिहिते, गेटवर वाटते. त्या दिवशीही पिशवीत गठ्ठा होताच.

एजन्सीचा उन्हाळी बार्बेक्यू होता. मांस त्यांचं, सोबतीचं ज्याचं त्यानं आणायचं. ताई म्हणाली, "बेक्ड बीन्स करू. डब्यातले नकोत हं, नुसता साखरेचा गिचका असतो तो."

पांढरे बीन्स आदल्या दिवशीच भिजवले होते. सकाळी शिजवले, बोटानं दाबून पाहिले. कांदा लाल परतला, टोमॅटो, मोहरीची पेस्ट आणि स्ट्रोप, म्हणजे इथली काकवीच. हिंग तिनं माझी नजर चुकवून टाकला. मी बघितलंच.

"अगं, इतक्या लोकांची पोटं आहेत!" ती म्हणाली.

मग मंद ओव्हनमध्ये तीन तास. शेवटी झाकण काढून, वर गडद थर धरेपर्यंत. तिच्या मनगटाला पट्टा होता, म्हणून जड भांडं मी उचललं. ते मनगट खोकी उचलूनच गेलं होतं.

सुपरवायझर दोनदा घेऊन गेला. तिसऱ्यांदा ताटली पुढे करून ताईला इंग्रजीत म्हणाला, "मस्त झालंय. तूच केलंस? बरं, सोमवारपासून येऊ नकोस. तुझा वेग कमी पडतोय. बुधवारपर्यंत खोली रिकामी कर."

ताईनं मान हलवली. त्याची ताटली तशीच पुढे. रिकामी.

आणि मी वाढलं. भरून एक डाव. वर विचारलंसुद्धा, "अजून थोडं?"

आमच्याकडे समोरची ताटली रिकामी दिसली की हात आपोआप जातो, आग्रहही होतो. समोर कोण उभं आहे, हे हात बघत नाही. मागे रांगेत सगळ्यांनी ऐकलं होतं. रांग एक पाऊल पुढे सरकली. पत्रकं पिशवीतच राहिली.

घरी ताई भांड्याची करपलेली कड खरवडत होती.

"ताई, मी त्याला वाढायला नको होतं."

"मग काय, डोक्यावर ओतणार होतीस?"

"हो."

"मग ओतायचं होतंस ना, बये. आता मला काय सांगतेस?"

मला राग येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. ओला टॉवेल वाळत घातला, झोपले. बुधवारी ती दोन बॅगा घेऊन उइटहॉर्न गावी ओळखीच्यांकडे गेली. अजून त्यांच्या सोफ्यावरच झोपते. मी अजून त्याच घरात आहे, समोरचा बेड दुसरीला दिलाय.

तुमच्यासमोर कुणाला असं काढलं, तर डाव खाली ठेवा. तिथेच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं नाही म्हणा. आणि तुमच्या घरी एखादी खोली रिकामी असेल, तर ताईसाठी मला आजच सांगा.