पडद्याच्या कडेची टिकली

दिग्रसच्या आमच्या संगणक वर्गात कोडिंग शिकवणाऱ्या बाई माणसांशी कमी आणि माऊसशी जास्त बोलतात. "चाल माय, चाल," असं त्यांचं दिवसभर चालू असतं. ब्राउझरमध्ये उघडणारा तिथला एडिटर मीच बनवलेला. बाई फाइल शोधायला फार वेळ लावतात, असं मी संचालकांना सांगितलं आणि त्यांचे तास दुसऱ्याला द्यायचं ठरलं.

मग एका दुपारी बाईंच्या मागे उभा राहिलो. पडद्याच्या कडेला एक लाल टिकली चिकटवली होती.

"ही कायले?"

"एक फाइल उघडली का तुमची फाइलींची यादी पळते वर, पयल्या फोल्डरवर. मंग बाजूची पट्टी टिकलीपर्यंत ओढतो, का माही फाइल सापडते."

"सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, असंच असते काकाजी."

त्याच दिवशी संचालकांना सांगितलं, की बाई हळू नाहीत, माझा एडिटर चुकला आहे. तास त्यांच्याकडेच राहिले. मग एडिटर दुरुस्त केला; यादी आता सोडली तिथंच थांबते. ते दाखवून मी टिकली काढायला नख लावलं, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू द्या काकाजी. तुमचा काय भरोसा!"