मी व्हय म्हणालो होतो

"दारू पितोस ना रे?"

डॉक्टरांनी फाईलवरून नजर न उचलता विचारलं. भोवती सात-आठ शिकाऊ पोरं-पोरी. सांगलीच्या त्या दवाखान्यात मी शर्ट वर करून पडलो होतो. पोट पाण्यानं टम्म फुगलेलं. एकानं त्यावर बोटानं वाजवून बघितलं.

मी जन्मात दारूला शिवलो नाही. तरी तोंडातून गेलं, "व्हय साहेब."

"बघा," डॉक्टर पोरांना म्हणाले, "ही माणसं आधी पितात, आणि मग लिव्हर मागायला येतात."

पोरं हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

का म्हणालो व्हय? आम्ही जत भागातले, मेंढरं राखणारे. मेंढरं पिकात शिरलेली असोत-नसोत, बागायतदार ओरडला की आजा आधी म्हणायचा, "व्हय मालक, चुकलं." त्यानं मार कमी बसायचा. मी इस्लामपूरला कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो, तिथंही दिवसभर तेच. जिभेला वळणच पडलं.

फाईलवर लिहिलं गेलं, दारूनं लिव्हर खराब. सहा महिने दारू बंद, मग ट्रान्सप्लांटचं बघू.

न लागलेलं व्यसन सोडायचं कसं? आणि सहा महिने आणायचे कुठून? माझ्या किडन्या दहा वर्षांपूर्वीच निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते सुरू करण्याआधी तपासलेल्या रक्तात काविळीचा विषाणू नव्हता. नंतर निघाला, म्हणजे डायलिसिसमधूनच शिरलेला. गोळ्यांनी तो गेला, पण तोवर लिव्हर आक्रसलं होतं. हे सगळं त्याच फाईलमध्ये होतं, थोडी पानं मागं. कुणी उलटून बघितलं नाही.

महिन्यातून एकदा पुण्याहून लिव्हरच्या डॉक्टरीणबाई येतात. त्यांनी समोर बसवून सांगितलं, "किडनी बंद असताना नुसतं लिव्हर बसवलं तर ऑपरेशननंतर तुम्ही सावरणं फार अवघड. नुसती किडनी बसवावी, तर हे लिव्हर ते ऑपरेशन झेलणार नाही. दोन्ही एकदम बसवायला हवं. पण कागदावर दारू आहे, तोवर तुमचं नाव यादीत जात नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. आणि वरचं झाकण मीच लावून घेतलेलं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, तुमी च्याबिगर कवा काय घेतलं न्हाई. मग व्हय कशापायी म्हनला?"



पुढच्या आठवड्यात तेच डॉक्टर, तीच पोरं.

"काय, सोडली का?"

व्हय जिभेवर आलंच होतं. व्हय म्हणालो असतो तर साहेब खूश झाले असते. पाठ थोपटली असती.

"न्हाई," मी म्हणालो.

"म्हणजे अजून पितोस?"

"पीतच नव्हतो. मागली पानं उलटा, साहेब."

"मग त्या दिवशी व्हय का म्हणालास?"

"भ्यालो हुतो."

"बरं. बघू पुढच्या वेळी."

मी सुई टोचलेला हात फाईलवर ठेवला. "आत्ता बघा."

तो उचलला नाही. एका शिकाऊ पोरीनं हळूच पानं उलटली आणि जुना रिपोर्ट साहेबांपुढे धरला. त्यांनी तो वाचला, दारूवर रेघ मारली, सही केली. चुकलं म्हणाले नाहीत. ती शिकवण आमच्याच घरात.

नाव यादीत लागलं. एकाच देणाऱ्याचं लिव्हर आणि किडनी, तीही माझ्या रक्तगटाची, कधी मिळेल ते कुणी सांगत नाही. कदाचित मिळणारही नाही. तोवर तीच खुर्ची, तीच सुई, आठवड्यातून तीनदा.

बायकोला सांगून ठेवलंय. उद्या मी बेशुद्ध पडलो आणि कुणी तुला विचारलं, नवरा प्यायचा ना, तर मान डोलवायची न्हाई. मी मेलो तरी न्हाई.