काकीची भिंत

शेजारची काकी बोटांची पेरं भिंतीवर आपटायची, कान टेकायची आणि म्हणायची, "आयकलंस गो?" मला काही ऐकू यायचं नाही. तुम्हालाही आलं नसतं. मग तीच सांगायची, "सुकी आसा." आणि कामाला लागायची.

तिचं घर मातीचं, आमचंही. पण तिची माती वेगळी. तांबड्या मातीत भाताचा कोंडा आणि गूळपाणी घालून ती कुजत ठेवायची. आम्ही नाकाला पदर लावायचो. मिरगाआधी पश्चिमेच्या भिंतीवर चुडतं बांधायची, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. समुद्राकडची झड आधी त्या भिंतीवरच येते. "पावसाक भियात तोच तरात," हे तिचं ठरलेलं वाक्य. काकी काकांनाही एवढी भ्यायली नसेल, असं आम्ही चिडवायचो. ती हसायची, पण चुडतं काही सोडायची नाही.

मुलगा गोव्यात कामाला. नातीच्या बारशाला त्याच्या सासुरवाडीची माणसं येणार म्हणून त्याने त्याच पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. काकी चुडतं घेऊन निघाली तेव्हा तो म्हणाला, "आता कित्याक ती? लोक हसतीत." लेकाचा मान राखायला ती मागे फिरली. चुडतं गोठ्यात गेली.

भिंतीला लागून असलेल्या खोलीत सून आणि तान्ही नात निजायची.

आषाढात गिलाव्याला बारीक चीर गेली. पाणी आत शिरायचं. मातीच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाट लागते, ती सिमेंटने बंद केली होती. वरून भिंत ठणठणीत. काकी येता-जाता कान लावायची. माझा हात धरून सांगायची, "सुजली हा गो. आतल्यान सुजली हा." मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसण्यावारी न्यायचा. तिच्या मनातली भीती मात्र मलाही लागली.

एका दुपारी तिने पेरं आपटली, कान लावला, आणि 'आयकलंस' म्हणालीच नाही. पाळण्यातली नात उचलून ती धावली. "भायर ये! आधी भायर ये!" सून घाबरून मागे धावली. आमच्या ओट्यावर त्या पोचल्या आणि भिंतीचा आवाज मलाही ऐकू आला. पाळणा मातीखाली गेला.

मुलाने सगळ्यांना गोव्याला नेलं, पक्क्या इमारतीत. मी भेटायला गेले तेव्हा काकीने मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. पेरं आपटली.

"आयकलंस गो? कायच बोलणा नाय. पडाच्या आधी सांगतली कशी ही?"

नात पलीकडे खेळत होती. काकीची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

काकी आता नाही. मिरगाआधी मी आमच्या भिंतीवर चुडतं बांधते. पाऊस लागला की पेरं आपटते, कान लावते. काहीतरी ऐकू येतं. सुकी की सुजलेली, ते मात्र कळत नाही.